लाल कोळी आणि अहो-जाहो

माझ्या मामाने लग्न केलं तेव्हा त्याच्या मिशीत काळा केस शोधावा लागत होता. माझ्या आईने तर त्याच्या लग्नाची आशा इतकी सोडून दिली होती की, त्याने फोनवर "ताई, मी लग्न करतोय" असं सांगितल्यावर ती म्हणाली, "कुणाचं?"

मामाचं काचघर आहे. आत काकडी. दोऱ्यांना धरून छतापर्यंत चढलेल्या वेलांच्या रांगाच रांगा, मधून चालायला अरुंद वाटा, आणि टोकाला पेट्या भरायची खोली. मी त्याच्याकडेच काम करते. तोडणी करायची, पेट्या भरायच्या आणि गाडी घेऊन दुकानादुकानांत माल पोचवायचा. मामा तसा अबोल. वेलांशी गुणगुणत बोलेल, पण माणूस समोर आला की त्याच्या तोंडाला कुलूप.

अशा माणसाचं लग्न जमलं ते एका फाटक्या पडद्यामुळे. कडक उन्हात काचेखाली ओढायचा मोठा पडदा असतो, तो जागोजागी विरला होता. तो खांद्यावर टाकून मामा गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. बाईंनी पडदा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा पडदा नाही हो. ही भोकं आहेत. मधेमधे थोडं कापड उरलंय इतकंच."

मामा हसला. मी तिथेच होते म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. पडदा शिवून झाला. मग मामाला घरातले पडदे फाटल्याचा साक्षात्कार होऊ लागला. पडदे संपल्यावर उशांचे अभ्रे निघाले. अभ्रेही संपले तेव्हा बाईच म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतःला घेऊन या, बघू काय दुरुस्त होतंय ते."

ती माझी मामी. बुटकी, ठसठशीत, चष्मा कायम कपाळावर, गळ्यात मोजपट्टी आणि जीभ कात्रीसारखी. पण लग्न झालं तरी मामाचं तिच्याशी अहो-जाहो काही सुटेना. "तुम्ही चहा घेतलात का?" "तुम्हाला गार वाटत असेल तर खिडकी लावू?" मामीही त्याला अहोच म्हणायची. दोघं जेवायला बसले की एखाद्या कार्यालयात बैठक चालल्यासारखं वाटायचं.

मामी घरात आली ती शिलाईचं यंत्र आणि एक भलीमोठी कुंडी घेऊन. कुंडीत गुलाब होता. आपल्या शिवणाच्या दुकानाच्या खिडकीत तिने तो एका काडीपासून वाढवला होता. मामाचं घर जुन्या झाडांच्या सावलीत, आत उजेड कमी. गुलाब रुसला, पानं पिवळी पडायला लागली. मामी येता-जाता त्याच्याकडे बघायची. एके दिवशी मी कामावर गेले तर कुंडी काचघराच्या कोपऱ्यात, काकडीच्या पहिल्या रांगेला खेटून ठेवलेली.

आता काचघरात बाहेरचं पान न् पान यायला बंदी. दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं, त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या वाढदिवसाला मैत्रिणीने दिलेला गुच्छ हातात घेऊन मी आत शिरले होते, तर याच मामाने मला गुच्छासकट बाहेर काढलं होतं.

"मामा, हे काय?"

"गुलाब आहे."

"ते दिसतंय. आत कसा आला?"

"त्यांचा आहे," मामा म्हणाला, आणि मिशीतल्या मिशीत हसत कामाला लागला. प्रेमात पडलेल्या माणसाला नियम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मामी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन काचघरात यायची. गुलाबाला पाणी घालायची आणि मग रांगांमधून फिरायची. पानांना हात लावत, "काय गं, रात्रीत वाढलीस की," असं एकेकीची विचारपूस करत. तिचा लोकरीचा स्वेटर वेलांना घासत जायचा. मामा लांबून बघत राहायचा. त्या वेळी त्याच्या हातातली कात्री कुठला फुटवा कापतेय याचं त्याला भान नसायचं.

मग हवा तापली. पावसाचा थेंब नाही, वारा कोरडा ठक्क, आणि काचेखाली तर भट्टी. त्याच दिवसांत मला पहिल्या रांगेतली पानं जरा निस्तेज वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर पानावर फिकट ठिपके, बारीक, दाट. जणू कुणी टाचणीने टोचून टोचून पानातला हिरवा रंग काढून घेतला होता. मी पेटीचं पांढरं झाकण पानाखाली धरलं आणि पानाला टिचकी मारली. झाकणावर धूळ पडली. मग ती धूळ चालायला लागली.

"मामा," मी हाक मारली. "लाल कोळी."

या किडीचं नाव कोळी. जाळंही विणते, पायही आठच. पण आकार असा की टाचणीच्या माथ्यावर बिऱ्हाड थाटेल. पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषायचा, आणि हवा गरम-कोरडी असली की इतकी अंडी घालायची की बघता बघता अख्खी रांग तांबूस होऊन वाळते. एकदा शेंड्यांवर जाळी दिसायला लागली की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

आम्ही दोघं वाकून पानं उलटी करत निघालो. जसजसं कोपऱ्याकडे जावं तसे ठिपके दाट. गुलाबाजवळचे वेल सगळ्यात वाईट. आणि गुलाबाचं खालचं पान उलटलं तर त्यावर रेशमासारखी झिरझिरीत जाळी, आणि जाळीत ते.

मामा तिथेच उकिडवा बसला. मला वाटलं चिडेल. तो हळूच म्हणाला, "त्यांना सांगायचं नाही."

"अरे पण मामा..."

"नवीन घर, नवीन माणसं. त्यांना वाटेल, आपण पाऊल टाकलं आणि पीडा घेऊन आलो. कुंडी मी आत आणली. त्यांनी नाही. कुणी विचारलं तर वाऱ्याबरोबर कीड आली."

त्याच दिवशी त्याने गुलाबाची खराब पानं छाटली, साबणाच्या पाण्याने तो धुतला आणि अवजारांच्या खोपटापलीकडे उघड्यावर नेऊन ठेवला. मामीला म्हणाला, "त्याला मोकळी हवा मानवेल." मामी म्हणाली, "बरं." नुसतं बरं.

इथपर्यंत ठीक होतं. मामाची खरी चूक पुढची. रस्त्यापलीकडे आणखी एक काचघर आहे. त्याच्या मालकांना आम्ही फवारेकाका म्हणतो. त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण हा माणूस शिंक आली तरी फवारणी करेल. ते आले, पान पाहिलं आणि एक बाटली पुढे केली. "हे मार. एका फवारणीत साफ."

एरवी मामाने ती बाटली दाराबाहेरच ठेवायला लावली असती. असल्या जहाल औषधाने कोळ्यांना खाणारे बारीक जीव आधी मरतात, आणि कोळ्यांची अंडी तशीच राहतात, हे त्यानेच मला शिकवलं होतं. पण त्याला घाई झाली होती. मामीच्या लक्षात यायच्या आत सगळं निस्तरायचं होतं. त्याने पाठीला पंप लावला.

पहिले काही दिवस झाकणावर पडलेली धूळ धूळच राहिली. मामाने मला चहा करून दिला, म्हणजे बघा किती खूश. मग अंडी फुटली. त्यांना खायला आता कुणीच उरलं नव्हतं. कोळी दुप्पट जोमाने उठले आणि मधल्या रांगांतही शिरले. शेंड्यांवर जाळी चमकायला लागली. आगीतून उठून फुफाट्यात पडलो होतो.

मामाचं जेवण कमी झालं आणि मामीशी बोलणं आणखी गोड झालं. "तुम्ही दमला असाल." "तुम्ही कशाला उन्हात येता." "तुम्ही बसा, मी करतो." मामी बसायची, आणि कपाळावरच्या चष्म्याखालून त्याच्याकडे बघत राहायची.

एका दुपारी मी पेट्या भरत होते. मामी आली, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि टेबलावर एक पान ठेवलं. गुलाबाचं. जवळ तिचं भिंग, काजांचे टाके बघायचं.

"हे बघ."

"काय आहे?" मी म्हटलं.

"तुला माहीत आहे काय आहे ते. माझ्या झाडावरून आलं ना हे सगळं?"

"छे! वाऱ्याबरोबर..."

"अगं, मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. कोण पोट आत ओढून उभं आहे ते मला न बघता कळतं. तुम्ही दोघं इतके दिवस पोट आत ओढून बसलायत."

माझा चेहरा पडला असणार, कारण ती एकदम हसली. पण डोळे भरले होते. "माझ्या स्वेटरवरूनच फिरले असतील सगळीकडे," ती म्हणाली. "रोज लाड करायला जात होते ना. कीड वाटत फिरले मी, कीड." मग तिने नाक पुसलं, भिंग खिशात टाकलं, दाराशी घमेल्यात चांगले दोन्ही बूट बुडवले आणि काचघरात शिरली. मीही मागोमाग गेले. जायला नको होतं, पण गेले.

मामा मधल्या रांगेत पानं छाटत होता.

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

मामा गडबडला. "काय... तुम्ही कशाला इतक्या उकाड्यात..."

"ते राहू दे. कीड माझ्या कुंडीतून आली, हे मला का नाही सांगितलंत?"

"कुंडी मी आत आणली. तुमचा काही दोष नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"हेच!" मामीचा आवाज चढला. "हेच मला सहन होत नाही. तुम्ही, तुम्हाला, तुमचं! ताटातला चांगला घास माझ्याकडे, उजेडाची खुर्ची मला, आणि तोंडातून एक वाकडा शब्द नाही. असं पाहुण्यांशी वागतात. पाहुणे परत जाणार असतात म्हणून वागतात. घरच्या माणसाला माणूस बोलतो, चिडतो, सांगतो की बाई गं, तुझ्यामुळे माझं पीक चाललंय. मी इथे राहायला आलेय की चहा घेऊन जायला?"

मामा कात्री हातात धरून उभा. त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. आणि मग, इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं असा त्याचा आवाज फुटला. "अगं पण तुला सांगून तू काय करणार होतीस? रडत बसली असतीस! आणि मला तुझं रडणं बघवलं नसतं, म्हणून मी त्या फवाऱ्याचं ऐकून गाढवासारखा पंप मारला, आणि होतं नव्हतं ते घालवलं! झालं समाधान?"

मामीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"काय म्हणालात?" मामीने विचारलं.

"गाढवासारखा..."

"त्याच्या आधी."

मामाने आठवून पाहिलं. "अगं," तो चाचरत म्हणाला. "तुला."

"हं," मामी म्हणाली. "आता कसं घरात आल्यासारखं वाटलं." आणि ती हसता हसता रडायला लागली. मामाला नेमकं तेच बघवत नव्हतं, म्हणून त्याने तिला जवळ घेतलं. हातातली कात्री खाली ठेवायचं मात्र विसरला. मी मागच्या मागे पेट्यांकडे पळाले.

दुसऱ्या दिवसापासून काचघरात नवं राज्य सुरू झालं. फवारणी बंद. कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी बाटलीत भरून मिळतात, ते आणायचे ठरले. पण औषधाचा अंमल पानांवर होता तोवर त्यांना सोडून उपयोग नव्हता, तेही मेले असते. मधल्या दिवसांत जे हाताने करता येईल ते करायचं. कोपऱ्यातल्या रांगा वाचण्यापलीकडे होत्या. ते वेल जागच्या जागी पोत्यांत भरून, तोंडं बांधून बाहेर काढले आणि जाळले. उरलेल्या वेलांची खराब पानं छाटली. रोज सकाळी नळीने पाणी मारायचं, पण वरून नाही, खालून वर, पानाच्या पोटाला. कोळ्याला ओलावा सोसत नाही. वाटांवरही पाणी शिंपडून हवा दमट ठेवायची. दुपारी पडदा ओढायचा.

मामीने आपलं डोकं चालवलं. "कपड्यांवरून कीड फिरते ना? मग कपडे बदलायचे," ती म्हणाली, आणि दुकानात उरलेल्या पडद्यांच्या कापडाचे अंगरखे शिवून टाकले. निरोगी रांगांसाठी वेगळे, आजारी रांगांसाठी वेगळे. आधी निरोगी रांगांत काम करायचं, मग अंगरखा बदलून आजारी रांगांत, आणि तिथून उलटं फिरायचं नाही. मामाच्या वाट्याला मोठमोठ्या जांभळ्या फुलांचं कापड आलं. तो ते घालून बाहेर आला तेव्हा फवारेकाका रस्त्यावर उभे होते.

"काय रे, नाटकात काम मिळालं का?"

"हो," मामा म्हणाला. "बायकोनेच दिलंय." आणि आत गेला. पूर्वीचा मामा लाजून आठवडाभर घराबाहेर पडला नसता.

शेवटी बाटल्या आल्या. आत भुसा, आणि भुशात ते. मामीने झाकणावर थोडे ओतून भिंगाखाली धरले. नारिंगी, तुळतुळीत, थेंबाच्या आकाराचे, आणि काय धावत होते! "आपले पळतात," मामा तिला समजावत होता, "आणि ते दुसरे रेंगाळतात. रेंगाळणाऱ्याच्या अंगावर दोन काळे डाग दिसतील. एवढं लक्षात ठेव, मग चुकायची नाहीस."

"म्हणजे खादाड सुस्त आणि शिकारी चपळ," मामी म्हणाली. "माणसांसारखंच आहे."

फवारेकाकांना हे कळलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "घरात उंदीर झाले म्हणून दुकानातून आणखी उंदीर आणलेत?"

"मांजरं आणलीत," मामीने दारातूनच ऐकवलं.

आम्ही एकेका पानावर चिमूट चिमूट भुसा ठेवत गेलो. जिथे ठिपके दाट तिथे जास्त. आणि मग वाट बघणं आलं. वाट बघणं हे सगळ्यात अवघड काम, कारण त्यात हाताला काही काम नसतं. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेच. मामा रात्री कूस बदलत राहतो, असं मामी मला सांगायची. "म्हटलं, पंप आठवत असेल तर मी त्यावर बसून झोपते," ती म्हणाली. फवारेकाकांची बाटली तिने खरंच बंद करून त्यांना परत नेऊन दिली होती.

त्यातच एक दिवस असा तापला की पडदा ओढूनही आत श्वास कोंडत होता. इतक्या उष्णतेत आपले शिकारी टिकत नाहीत, आणि शत्रू मात्र खुशीत असतात. मामाने छतातल्या सगळ्या झडपा उघडल्या. मामी आणि मी बादल्या घेऊन वाटा भिजवत राहिलो. ऊन आत कमी यावं म्हणून मामा शिडीवर चढून बाहेरून काचेला चुन्याचं पाणी फासत होता. या वयात, त्या उन्हात. मामी खाली शिडी धरून उभी, आणि तोंडाचा पट्टा चालू. "अरे, डावीकडे राहिलं! अरे, पडशील! म्हाताऱ्या, मला विधवा करायला लग्न केलंस का?"

"तू शिडी हलवू नकोस, म्हणजे पडणार नाही!" मामा वरून ओरडत होता.

'अरे' कधी सुरू झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी बादली ठेवून नुसती ऐकत उभी राहिले.

त्या दिवसानंतर मामी भिंग घेऊन रोज पानं बघायची. आणि एका सकाळी तिची हाक आली, अशी की मला वाटलं साप निघाला. आम्ही धावत गेलो. ती पान धरून उभी होती. जाळी होती, पण फाटकी, ओसाड. जाळीत कोळ्यांची रिकामी कातडी. आणि त्यांच्यामधून नारिंगी थेंब तुरुतुरु धावत होते, खूप, आम्ही सोडले त्याहून कितीतरी जास्त. पानाच्या शिरेजवळ त्यांची अंडीही होती.

"ही आपली?" मामीने हळूच विचारलं.

मामाने भिंगातून पाहिलं. त्याची मिशी थरथरली. "आपली," तो म्हणाला. "नांदायला लागली."

पुढे ओळीने सगळं चांगलं झालं असं नाही. आणखी काही वेल काढावे लागले, आणि दोन दुकानांना आम्ही त्या मोसमात माल देऊ शकलो नाही. पण शेंड्यांवर फुटणारी नवी पानं स्वच्छ होती, गडद हिरवी. तोडणी पुन्हा सुरू झाली. काकड्या सरळ, तजेलदार. पेटी उचलताना माझी कंबर पुन्हा दुखायला लागली, आणि त्या दुखण्याचा मला आनंद झाला. फवारेकाकाही एकदा पाठीमागच्या दाराने आले. त्यांच्या वेलांवर ठिपके पडले होते. मामीने काही टोमणा मारला नाही, निदान फार नाही. नारिंगी थेंबांनी भरलेली पानं टोपलीभर दिली आणि वरून बजावलं, "आता शिंक आली तर रुमाल धरा. पंप धरू नका."

मोसम संपला. जुने वेल काढून झाले, काचघर धुऊन रिकामं केलं. तेव्हा मामाने मला बाजूला घेतलं. लग्न झाल्यापासून दोघं कुठे गेलेच नव्हते. मामीने समुद्र पाहिला नव्हता. "नवी रोपं येतील त्यांना पाणी घालशील ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जा रे बाबा, जा एकदाचा."

गेले. पहिल्याच संध्याकाळी फोन. मागे लाटांचा आवाज, आणि मामा विचारतोय, "रोपांची पानं उलटून बघितलीस का? खालून बघ. कोपऱ्यातली आधी बघ. आणि दारातलं पाणी बदललंस का? घमेलं रोज..."

मग खुडबुड झाली आणि मामीचा आवाज आला. "रोपं जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग ठेव फोन. याचे पाय ओले करायचेत अजून. किनाऱ्यावर बूट घालून उभा आहे हा माणूस."